पोरगी जगापुढे हात पसरते आहे का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी महिन्यातून दोन शनिवार समुपदेशनासाठी जाते. अलीकडे पालकांच्या बोलण्यातून एक काळजी वारंवार ऐकू येते. शाळेच्या एखाद्या उपक्रमासाठी मुलांनी मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करून लोकांकडे पैसे मागणे योग्य आहे का, आणि त्यामुळे त्यांचा स्वाभिमान कायमचा दुखावणार तर नाही ना, असे ते विचारतात. या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नाही. एका मुलीच्या बाबतीत काय घडले, ते मात्र तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

मुलगी नववीत, चौदा वर्षांची. तिला आपण वैष्णवी म्हणू. शाळेतल्या सहा मुलांनी विज्ञानाच्या सरांच्या मदतीने काळ्या रेषेवरून आपोआप चालणारी एक लहान गाडी बनवली होती. नागपूरच्या एका स्पर्धेत ती उतरवायची, तर मोटार, सेन्सर, बॅटरी आणि जाण्यायेण्याचा खर्च धरून अठरा हजार रुपये हवे होते. शाळांमध्ये प्रयोगशाळा उभारण्यासाठी अटल टिंकरिंग लॅबची योजना 2016 पासून सुरू आहे, परंतु या शाळेला ती मिळालेली नव्हती. त्यामुळे रविवारी दुपारी यूट्यूबवर गाडी चालवून दाखवायची आणि गावाबाहेर नोकरीला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी जमवायची, असे ठरले. वैष्णवी सर्वांत स्पष्ट बोलणारी, म्हणून निवेदन तिच्याकडे आले. त्यानंतर दहा दिवस तिचे पोट दुखत होते.

ग्रामीण रुग्णालयात तपासणी होऊन शारीरिक कारण नाही, हे आधी निश्चित झाले होते. मुलांच्या पोटदुखीला ‘नाटक’ म्हणण्यापूर्वी ही पायरी कोणीही गाळू नये, असा माझा आग्रह असतो. आणि कारण सापडले नाही म्हणजे दुखणे खोटे असेही नव्हे. भीतीच्या वेळी शरीर धोक्याशी झुंजण्याच्या तयारीला लागते, पचनाचे काम मागे पडते, आणि मुलाला पोटात खरोखर पिळवटल्यासारखे होते.

पहिल्या भेटीत वडीलच बोलत होते. “मॅडम, आमच्या घरात कोणी कोणाच्या दारात हात पसरला नाही. आता पोरगी अख्ख्या जगाले पैसे मागून राह्यली.” त्यांच्या स्वरात राग कमी आणि अपमान जास्त होता, हे मला तेव्हा जाणवले, त्याचे मूळ कुठे आहे, हे मात्र कळले नाही. ते मुलीने सांगितले. दुसऱ्या भेटीत मी तिला एकटीला घेतले आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहिल्यावर सर्वांत वाईट काय घडेल, असे विचारले. लोक हसतील, बोलताना अडखळेन, गाडी चालणार नाही, यांपैकी काहीतरी ती म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. ती बराच वेळ ओढणीचे टोक गुंडाळत राहिली आणि म्हणाली, “कोणीच देणार नाही. बाबाले नाही देल्ले, मले कोण देईन?”

आदल्या जून महिन्यात जुन्या थकबाकीमुळे सोसायटीने वडिलांना नवे पीककर्ज नाकारले होते, आणि कापसाच्या बियाण्यासाठी ते एका जवळच्या नातेवाइकाकडे उसने मागायला गेले होते. सोबत वैष्णवी होती. ती ओसरीवर बसून सारे ऐकत होती. परत येताना दोघे मोटारसायकलवर एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या रात्री वडील जेवले नाहीत. मागणे म्हणजे काय, हे त्या मुलीने तेथे शिकून घेतले होते. त्यात आणखी एक धागा होता, जो तिला शब्दांत मांडता येत नव्हता: आपल्याला लोकांनी पैसे दिले, तर वडिलांना न मिळालेले आपल्याला मिळाले, याचे तिला भय वाटत होते. यश आणि अपयश दोन्हींची भीती असलेल्या मुलाला नुसता धीर देऊन भागत नाही.

वडिलांशी मी स्वतंत्रपणे बोलले. मुलीने सांगितलेले त्यांच्यापर्यंत नेण्याची परवानगी तिच्याकडून आधी घेतली होती. ते ऐकून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मी गाडगेबाबांचा विषय काढला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेल्या या माणसाने लोकांच्या देणगीतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या आणि स्वतःसाठी त्यातले काही ठेवले नाही. त्यांना आपल्या वऱ्हाडात भिकारी कोणी म्हणत नाही. वडील लगेच म्हणाले, “त्यायचा हिशेब चोख होता.” मला हवे होते ते वाक्य त्यांनीच दिले. वर्गणीला लाज लागते ती हिशेब नसला की, आणि हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतरचे काम बरेचसे व्यवहाराचे होते, आणि माझ्या मते मुलीची भीती निम्मी त्यानेच उतरली. तिच्या निवेदनातले “आम्हाला मदत करा” हे वाक्य आम्ही काढले. त्याऐवजी काय बनवले, किती लागतात, किती जमले आणि उरले तर कुठे जातील, हे ती सांगणार होती. पैसे कोणाही मुलाच्या मोबाइलवर न घेता शाळेच्या खात्यातच घ्यावेत, असे मुख्याध्यापकांशी बोलून ठरले. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे सहाही मुलांकडून वदवून घेतले. यूट्यूबने जुलै 2025 पासून थेट प्रक्षेपणासाठी वयाची अट सोळा वर्षे केली आहे आणि त्याहून लहान मुलांसोबत मोठे माणूस पडद्यावर असावे लागते, म्हणून सर तिच्या शेजारी बसणार होते, तर वाईट शेरे काढून टाकण्याचे काम एका शिक्षिकेकडे होते. वैष्णवीने आधी आईसमोर, मग वर्गासमोर, मग प्रक्षेपण न करता मोबाइलसमोर बोलून पाहिले.

रविवारी चार वाजता प्रक्षेपण सुरू झाले आणि पहिल्याच फेरीत गाडी रेषा सोडून टेबलाच्या पायाला धडकली. मी मागे उभी होते. माझ्याच पोटात गोळा आला. वैष्णवी थांबली, पश्चिमेच्या खिडकीकडे पाहिले आणि सांगू लागली की या गाडीचे सेन्सर अवरक्त किरण सोडतात, पांढरा कागद ते परत पाठवतो, काळी रेषा शोषून घेते, त्यावरून गाडीला रेषा समजते. मात्र उन्हातही तेच किरण असल्यामुळे तिरपे ऊन पडले की सेन्सर फसतो. एका मुलाने खिडकीवर सतरंजी लावली आणि गाडी पूर्ण फेरी चालली. “शाळेत शिका, भीक कसली मागता” असा एक शेरा शिक्षिकेने काढण्यापूर्वी तिने वाचला होता. पुढे ती मला म्हणाली की त्या क्षणी पोटात दुखले, पण सेन्सरबद्दल कोणीतरी विचारले होते आणि त्याचे उत्तर द्यायचे राहिले होते.

बारा हजार तीनशे रुपये जमले. सहाऐवजी चौघे नागपूरला गेले. वैष्णवी त्यांत नव्हती, कारण गाडी हाताळणारी मुले आधी जावीत असे तिनेच सुचवले. यात तिचा समजूतदारपणा किती आणि स्वतःला मागे ठेवण्याची सवय किती, याविषयी आमचे बोलणे अद्याप चालू आहे.

जमाखर्चाचा कागद शाळेच्या फलकावर लागला. तिसऱ्या दिवशी वडील कापसाचा काटा करून परतताना शाळेत थांबले, तो कागद वरून खालपर्यंत वाचला आणि वैष्णवीला वर्गाबाहेर बोलावून दाखवले की ऑटोचे साठ रुपये दोनदा लिहिले गेले आहेत.