बचत गटातल्या बायकांनी एका एकरात रसायनमुक्त शेती केली, तर घराला खरंच हातभार लागतो का?

हो, लागतो, पण पहिल्या हंगामात तो विक्रीतून कमी आणि वाचलेल्या खर्चातून जास्त दिसतो. धाराशिव-लातूरकडे 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेचं एक एकर मॉडेल याच विचारावर उभं आहे: बाईने घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचं, त्यात सोयाबीन किंवा उसाऐवजी तूर, मूग, उडीद, ज्वारी आणि भाजीपाला मिसळून लावायचा, खत घरीच करायचं. आधी घरचं ताट भरतं, उरलेलं बाजारात जातं. पाऊस दगा देतो तेव्हाही दहा पिकांतली दोन-चार हाती लागतात, आणि दुष्काळी भागात हे फार मोलाचं आहे. एकराला लागणारं जीवामृत, म्हणजे घरीच आंबवून केलेलं पातळ खत, असं:

- पाणी २०० लिटर, शेण १० किलो, गोमूत्र ५ ते १० लिटर
- गूळ आणि बेसन प्रत्येकी २ किलो, बांधावरची मूठभर माती

दोन-तीन दिवस सावलीत ठेवून रोज ढवळा.

एक गोष्ट मात्र आधी करा: सातबाऱ्यावर बाईचं नाव लावून घ्या. महाराष्ट्रात त्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नाव नसेल तर पीककर्ज आणि नुकसानभरपाई दोन्हीकडे अडतं, मग गट कितीही चांगला असो.