कासवर गुरं बंद केली, मग फुलं कमी का झाली?

तुम्ही विचारलंय की साताऱ्याजवळच्या कास पठारावर चराई थांबवली, कुंपण घातलं, तर फुलं वाढायला हवीत. मग आसपासच्या गावातली माणसं उलटंच का सांगतात? माझं आजोळ त्याच डोंगराच्या अंगाला आहे. गावकऱ्यांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच.

आधी पायाखालचं बघा. कास साधारण १२०० मीटर उंचीवर. खाली जांभा, वर माती कुठे दोन बोटं, कुठे तीही नाही. पावसाळ्यात सगळं चिंब, उन्हाळ्यात तवा. मोठ्या झाडांना थारा कसा मिळणार? मातीत नत्र इतकं कमी, की सीतेची आसवं नावाची इवली कीटकभक्षी फुलझाडं आपल्या चिमुकल्या पिशव्यांत पाण्यातले जीव ओढून गुजराण करतात.

खोलगट भागात मात्र माती साचते आणि गवत जोर धरतं. गुरं होती तोवर ते खुडलं जायचं, तेरड्याला ऊन मिळायचं. चराई थांबली की गवत गुडघ्याला लागतं, वाळून आडवं पडतं, आणि त्या थराखाली बारीक बी रुजत नाही. वर उन्हाळ्यात वणव्याला आयतं सरपण. इथे गावकरी बरोबर आहेत.

उघड्या कातळावर गवत मुळातच माजत नाही. तिथे घात करतो तो माणसाचा बूट. फोटोसाठी कुणी गेंदाच्या, म्हणजे इवल्या पांढऱ्या गोंडेदार फुलांच्या, ताटव्यात फतकल मारली, की ओल्या मातीचा पापुद्रा मुळांसकट सुटतो. असा एक मी उचलून पाहिला होता: पापडाएवढा तुकडा, खाली नुसता लालसर दगड. उरलेली माती पुढची सर धुऊन नेते. दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा ठेवली आहे खरी, पण सगळे रस्त्यालगतच्या त्याच ताटव्यांवर तुटून पडतात (आम्हीही त्यातलेच, खोटं कशाला बोलू).

मला विचाराल तर दिवाळीनंतर, बी झडून गेल्यावर, खोलगट भागात मोजकी गुरं सोडावीत. दोरी लावायचीच तर ती कातळावर लावावी, माणसांसाठी.

आणि एकाच वर्षाचे फोटो बघून फुलं घटली म्हणू नका. टोपली कारवी हे इथलं झुडूप सात वर्षांतून एकदा फुलतं. त्या वर्षी पठार जांभळं दिसतं, आणि पुढच्याच सप्टेंबरात आलेले लोक विचारतात, सगळं गेलं कुठे?