इराकने १९९० मध्ये कुवेतवर हल्ला का केला? फक्त तेलासाठी का?
मेन कारण पैसाच, म्हणजे कर्ज आणि तेल दोन्ही. जळगावात स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मी हेच शिकवतो. इराणशी ८ वर्षं लढून इराक कंगाल झालेला, कुवेतचेच साधारण १४ अब्ज डॉलर देणं होतं, कुवेत ते माफ करेना आणि वरून ओपेकने (तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना) ठरवलेल्या कोट्यापेक्षा जास्त तेल काढत होता त्यामुळे भाव पडले न् इराकची कमाई आटली. सीमेवरच्या रुमैला तेलक्षेत्रात तिरप्या बोअरने आमचं तेल ओढता असाही इराकचा आरोप होता (कुवेतने तो फेटाळला), आपल्या रावेर-यावलकडे विहिरीतून बांधाखाली आडवे बोअर मारण्यावरून पेटतं ना, अगदी तसंच. पण नुसतं तेल म्हणू नका, इराकला समुद्रकिनारा जेमतेम, म्हणून कुवेतच्या वारबा-बुबियान बेटांवर आधीपासून डोळा होता, आणि कुवेत आमचाच म्हणून दावा तर १९६१ मध्येही ठोकलेला.