घरातल्या ऑर्किडला बोअरचे पाणी नको, दुकानाचे टॉनिकही नको

सध्या येणाऱ्या प्रश्नांत घरात ठेवलेल्या ऑर्किडच्या तक्रारी वाढल्या आहेत. प्रदर्शनातून फुलावर असलेली कुंडी आणली, दोन महिने छान टिकली आणि मग पाने लोळली, मुळ्या काळ्या पडल्या. शेवटी प्रश्न एकच असतो, कोणते औषध मारू? कोणतेही मारू नका. आधी पाणी तपासा.

प्रश्न (भोकरदन): फॅलिनॉप्सिस या ऑर्किडची पाने सुरकुतली. कृषी सेवा केंद्रातून ह्युमिक अ‍ॅसिड आणि 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 5 ग्रॅम घेऊन दोनदा आळवणी केली (मुळाशी ओतले). आता पानांचे शेंडे वाळत आहेत.

तिसरी आळवणी करू नका. 5 ग्रॅम हे कपाशी-सोयाबीनवरच्या फवारणीचे प्रमाण आहे. ऑर्किडच्या मुळीवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. समोर येईल ते पाणी ते क्षारांसह शोषून घेते आणि कुंडीत माती नसल्याने जादा खत धरून ठेवणारे काहीच नसते. मुळीचे टोक करपते, मग पाणी दिले तरी पान लोळलेलेच राहते, आणि ‘झाड अशक्त आहे’ म्हणून दुकानदार आणखी एक बाटली देतो. उपाय असा : साध्या, कमी क्षाराच्या पाण्याने कुंडी तीन-चार वेळा आरपार धुवा. काळ्या, दाबल्यावर पोकळ लागणाऱ्या मुळ्या स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने काढा. महिनाभर खत बंद. त्यानंतर 19:19:19 लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे 10 लिटरच्या बादलीत चहाचा एक सपाट चमचा, आठवड्यातून एकदा आणि तेही ओल्या मुळ्यांवर. दर चौथ्या आठवड्याला फक्त पाणी. अर्धा ग्रॅम म्हणजे अर्धाच. ‘थोडे जास्त टाकले तर काय होते’ हे तुमच्या कुंडीत दिसतेच आहे. कॅल्शियम नायट्रेट द्यायचे असेल तर तेही अर्धा ग्रॅम, वेगळ्या दिवशी. 19:19:19 मध्ये मिसळले तर स्फुरदाबरोबर साका होऊन तळाला बसते.

पाण्याचे सविस्तर सांगतो, कारण मराठवाड्यात ऑर्किड उन्हापेक्षा बोअरच्या पाण्याने जास्त मरतात. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र) 200 च्या आत आकडा असेल तर पाणी उत्तम. 500 च्या वर असेल तर ते पाणी या पिकाला नको. कुंडीच्या काठावर, कुंडीत भरलेल्या कोळशावर पांढरी पापुद्री दिसली की समजा, क्षार साचले. घरच्या आरओ मशीनमधून बाहेर सोडले जाणारे पाणी ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून ऑर्किडला देणारे बरेच आहेत. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, ते भांडी घासायला ठेवा. सॉफ्टनरचे पाणीही नको, त्यात सोडियम असते. जारचे पाणी चालते, पण थंड जार तसाच ओतू नका, पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

सगळ्यात चांगले पाणी पावसाचे. 100 चौरस फूट स्लॅबवर 25 मिलिमीटर पाऊस पडला की 200 लिटरचा ड्रम भरतो. दहा कुंड्यांना आठवड्याला सरासरी पाच-सहा लिटर पाणी लागते, म्हणजे एक ड्रम पावसाळा संपल्यापासून पुढच्या मृगापर्यंत पुरतो. आता मे आहे, ड्रम आत्ताच धुऊन ठेवा. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून द्या. तोंडाला कापड बांधून वर झाकण लावा, नाहीतर डास होतील. औषधांवर जेवढा खर्च करता तेवढ्यात ड्रम येतो.

प्रश्न (औसा): पाणी रोज द्यावे की आठवड्याने?

मुळी बघा. चंदेरी-पांढरी असेल तर द्या, हिरवी असेल तर थांबा. आत्ताच्या हवेत फॅलिनॉप्सिसला दोन-तीन दिवसांआड, कोळशात लावलेल्या डेंड्रोबियमला (ऑर्किडचा दुसरा प्रकार) जवळपास रोज लागेल. डिसेंबरात तेच आठवड्यावर जाते. पाणी सकाळीच द्या. फॅलिनॉप्सिसच्या मधल्या पोग्यात पाणी साचू देऊ नका, साचलेच तर कापसाने टिपून घ्या. या झाडाला वाढीचा शेंडा एकच असतो, तो कुजला की वरची वाढ संपली. सगळ्या कुंड्या एकाच बादलीत बुडवू नका, एकीची कुज सगळ्यांना लागते.

प्रश्न (परभणी): कूलरसमोर ठेवले तर चालेल का?

कूलरच्या खोलीत ठेवा, झोतासमोर नको. मे महिन्यात बाहेरची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ऑर्किडला निदान 50 तरी हवी, तेव्हा कूलरची खोली ही सोयच आहे. थेट झोतात मात्र कळ्या गळतात. जागा पूर्वेच्या खिडकीची. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेची एक दुपारसुद्धा पान भाजायला पुरते. पान हाताला गरम लागले तर कुंडी आत सरकवा. पान गर्द हिरवे आणि फूल नाही, याचा अर्थ उजेड कमी पडतो. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात फॅलिनॉप्सिस ठेवूच नका. जुने माळवद (मातीचे छत) असेल तर खोली गार मिळते, पण अंधार असतो. तिथे दाराजवळ ठेवा. उष्णता सोसण्यात डेंड्रोबियम उजवे आहे, नवशिक्याने तेच घ्यावे.

प्रश्न (वसमत): आता कुंडी बदलू का? दुकानदार पॉटिंग मिक्स देतो आहे.

आता नाही. मे महिन्यात मुळी मोडली तर झाड सावरत नाही. पावसाने हवा दमट झाली, नवी हिरवी टोके दिसली आणि फूल संपलेले असले की बदला, जून अखेर ते ऑगस्ट. पॉटिंग मिक्स म्हणजे बहुधा कोकोपीट आणि गांडूळखत, ऑर्किड त्यात गुदमरते. माती, शेणखत, डीएपी काहीही नको. लाकडी कोळशाचे इंचभर तुकडे दोन भाग, विटांचे तुकडे एक भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे एक भाग. सोडण 24 तास भिजवा आणि पाणी दोन-तीनदा बदला, त्यात मीठ असते. कुंडी मुळ्यांच्या मापाचीच, मोठी नको. डेंड्रोबियमच्या पाने गळालेल्या जुन्या कांड्या उसाचा खोडवा तासल्यासारख्या छाटू नका. त्यांत अन्नसाठा असतो आणि फूलही येते.

प्रश्न (केज): पांढरी कीड आणि पानावर काळे डाग. दुकानदाराने कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांबेयुक्त बुरशीनाशक) आणि प्रोफेनोफॉस (कीटकनाशक) दिले आहे.

दोन्ही परत करा. तांबे डेंड्रोबियमला सोसत नाही, पाने करपतात. आणि शेतातले कीटकनाशक माणसे झोपतात त्या खोलीत मारायचे नसते, कितीही ‘थोडे’ असले तरी. पांढरी कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. कापसावर स्पिरिट घेऊन पुसा, पानाच्या बेचक्यात बघा, आठवड्याने पुन्हा. फार असेल तर निंबोळी तेल 3 मिली आणि पातळ साबण 1 मिली लिटरला, कुंडी अंगणात नेऊन संध्याकाळी, आधी एका पानावर बघून. डाग मऊ आणि पाणथळ असेल तर तेवढा भाग भोवतालच्या थोड्या निरोगी पानासह कापा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा. मुळ्यांना ती लावू नका, वाळतात.

फुलासाठी 00:52:34 हे खत किंवा संजीवक म्हणून मिळणारे जिब्रेलिक अ‍ॅसिड विकत घेऊ नका. फॅलिनॉप्सिसचा फुलदांडा रात्रीच्या गारव्याने निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन-चार आठवडे रात्री 16 ते 18 अंश मिळाले की पुरे, खिडकी उघडी ठेवली तर ते फुकट मिळते. कडाक्याच्या थंडीत पारा 10 च्या खाली गेला तर रात्री कुंडी काचेपासून दूर घ्या.

अनुदानाचे विचारणाऱ्यांना : घरच्या कुंड्यांना नाही. शेडनेट-पॉलीहाऊसला फलोत्पादन अभियानातून मान्य खर्चाच्या 50 टक्के, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, पूर्वसंमतीआधी काम सुरू करू नका. ‘हजार रोपे घ्या, फुले आम्हीच उचलू’ म्हणणाऱ्यांना आगाऊ पैसे देऊ नका.