सर्दीवर झिंक: रोजची 50 ची गोळी बंद का करावी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोविडपासून घरात झिंक 50 ची स्ट्रिप कायमची येऊन बसली आहे, मिस्टर रोज जेवणानंतर एक घेतात, तरी पावसाळा लागला की सर्दी ठरलेलीच. आणि आता बालवाडीत जाणारा चार वर्षांचा मुलगाही सारखा शेंबडा असतो, तर त्याला अर्धी करून द्यावी का?

मुलाला देऊ नका. मिस्टरांचीही रोजची बंद करा. आता कारणं. जरा लांबेल, कारण मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून हाच प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की एकदा नीट लिहून टाकावं म्हणतो.

आधी ती स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. दोन प्रकारे लिहिलेलं असतं. एक म्हणजे नुसतं ‘झिंक ग्लुकोनेट 50 मिग्रॅ’. ग्लुकोनेटमध्ये प्रत्यक्ष झिंक जेमतेम 14 टक्के, म्हणजे पोटात गेलं 7 मिग्रॅ. दुसरं म्हणजे ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट, एलिमेंटल झिंक 50 मिग्रॅ इतके’. एलिमेंटल म्हणजे प्रत्यक्ष झिंक, म्हणून इथे पूर्ण 50 जातं. दोन्ही गोळ्यांना लोक ‘झिंक 50’ म्हणूनच मागतात, पण फरक सातपट आहे. तुमच्या वर्णनावरून मिस्टरांची दुसरी दिसते. मोठ्या माणसाने रोज सतत घ्यायची कमाल मर्यादा 40 मिग्रॅ धरतात, आणि त्यात जेवणातलं झिंकही आलं. डॉक्टरांनी काही कारणाने थोडे दिवस जास्त दिलं तर गोष्ट वेगळी. इथे काही कारण नाही, नुसती सवय आहे.

आता सर्दीचं. झिंकने सर्दी लवकर जाते हा समज हवेतून आलेला नाही. 1974 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं की झिंकचे आयन (विद्युतभारित कण) सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसला वाढू देत नाहीत. पुढे टेक्सासमधल्या जॉर्ज एबी यांच्या लहान मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होता. तिने झिंकची गोळी गिळायच्या ऐवजी चोखली आणि तिची सर्दी बघता बघता गेली, असं त्यांना वाटलं. त्यावरून त्यांनी चाचणी केली, ती 1984 मध्ये छापून आली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

यात कळीचा शब्द ‘चोखली’. पुढच्या ज्या चाचण्यांत फायदा दिसला त्यातल्या बहुतेक चघळायच्या गोळ्यांच्याच आहेत: सर्दी सुरू झाल्यावर 24 तासांच्या आत सुरुवात, जागेपणी दर दोन-तीन तासांनी एक, दिवसाला एकूण 75 मिग्रॅच्या वर झिंक, आणि हे सगळं जेमतेम आठवडाभर. कल्पना अशी की झिंक घशात सुटं होऊन तिथेच काम करतं. म्हणून गोळीत चवीसाठी सायट्रिक ॲसिड असलं की खेळ खलास. ते झिंकला बांधून ठेवतं, घशाला काही मिळत नाही. जेवणानंतर पाण्याबरोबर गटकन गिळलेली गोळी थेट पोटात जाते. तिचा या चाचण्यांशी काही संबंध नाही. आपल्याकडे दुकानात बरणीत असतात त्या चघळायच्या गोळ्या बहुतेक मेंथॉलच्या किंवा जंतुनाशकाच्या. त्याने घसा मोकळा वाटेल, पण त्यात झिंक शोधत बसू नका.

मग चघळून तरी किती फायदा? इथे चित्र घोळाचं आहे. डॉ. आनंद प्रसाद यांच्या 2000 सालच्या डेट्रॉइटमधल्या छोट्या चाचणीत सर्दी 8 दिवसांवरून साडेचारवर आली. उलट हेलसिंकीच्या नगरपालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या 2020 च्या चाचणीत झिंक ॲसिटेट दिवसाला 78 मिग्रॅ, पाच दिवस देऊनही काही फरक पडला नाही. 2024 मध्ये कोक्रेनने (वैद्यकीय पुरावे तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) 34 अभ्यास एकत्र करून पाहिले. सर्दी झाल्यावर घेतलं तर कदाचित दोनेक दिवस कमी होतील, पण या पुराव्यावर फार भरवसा ठेवता येत नाही. सर्दी होऊच नये म्हणून घेतलं तर फरक जवळपास शून्य. मिस्टर नेमकं हेच दुसरं करतायत. शिवाय झिंकची चव इतकी तुरट-धातुकट की चाचणीतल्या माणसाला आपल्याला खरी गोळी मिळाली की खोटी हे ओळखू येण्याची शक्यता असते. ‘मला बरं वाटतंय’ या उत्तरावर उभ्या असलेल्या चाचणीत ही अडचण लहान नाही. कोविडच्या वेळी झिंक 50 चा एवढा खप झाला, पण अमेरिकेत 2021 मध्ये घरीच असलेल्या रुग्णांना झिंक आणि व्हिटॅमिन सी देऊन पाहिलं तेव्हा लक्षणं काही लवकर गेली नाहीत.

डॉ. प्रसादांचं नाव आलंच आहे तर जरा थांबतो, कारण झिंकचं खरं महत्त्व त्यांच्यामुळेच कळलं. हे मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. 1958 मध्ये इराणच्या शिराझमध्ये त्यांच्यापुढे 21 वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या पोरासारखा. उंची खुंटलेली, वयात आलेला नाही, रक्त अत्यंत कमी. खाणं काय, तर बिनखमिराची गव्हाची रोटी, आणि वर माती खायची सवय. नुसती लोहाची कमतरता म्हणून वाढ एवढी खुंटत नाही, म्हणून प्रसादांना झिंकचा संशय आला. पुढे इजिप्तमध्ये तशाच मुलांवर काम करून त्यांनी ते दाखवून दिलं. झिंक दिल्यावर मुलं वाढली, वयात आली. तोवर माणसात झिंकची कमतरता होऊ शकते हेच लोक मानत नव्हते. रोगप्रतिकारक टी पेशींना झिंक लागतं, जखम भरायला लागतं, जिभेला चव कळायला लागतं. कमी पडलं तर माणूस वारंवार आजारी पडतो, हे शंभर टक्के खरं. पण ज्याला पुरेसं मिळतंय त्याच्यात अजून ओतल्याने प्रतिकारशक्ती वाढत नाही. जाहिराती नेमक्या इथे गडबड करतात.

उलट जास्तीचं अंगाशी येतं. महिनोन्‌महिने जादा झिंक गेलं की आतड्याच्या पेशी एक प्रथिन जास्त तयार करतात. ते तांब्याला झिंकपेक्षाही घट्ट धरतं, आणि त्या पेशी गळून पडल्या की तांबं त्यांच्याबरोबर शौचावाटे निघून जातं. मग रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन हलत नाही आणि घरचे चक्रावतात. मिस्टरांना यातलं काही जाणवत असेल तर डॉक्टरांना ‘किती वर्षं झिंक घेतोय’ हे आपणहून सांगा. ते कुणी विचारत नाही.

आणि नाकात मारायचे झिंकचे स्प्रे किंवा जेल कुणी परदेशातून आणून दिले तर सरळ फेकून द्या. वास कायमचा गेल्याच्या शंभरावर तक्रारी आल्यावर 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिला होता.

आता मुलाचं. चार वर्षांच्या मुलाची रोजची गरज साडेचार मिग्रॅच्या आसपास, आणि तुम्ही अर्धी म्हणजे 25 देणार! उलटी आणि मळमळ होऊ शकते. लहान मुलांना झिंकची खरी, पक्की, सगळ्या जगाने मान्य केलेली जागा एकच मोठी आहे: जुलाब. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने 2004 पासून ओआरएसबरोबर झिंक सांगितलंय. आपल्याकडे सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला 20 मिग्रॅ, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10. 14 दिवसांचा कोर्स असतो, आशाताई किंवा आरोग्य केंद्रातून फुकट मिळतो. चमच्यात गोळी टाकायची, थोडं उकळून गार केलेलं पाणी, ती आपोआप विरघळते, आणि तो चमचा मुलाच्या तोंडात. जुलाब तीन दिवसांत थांबले म्हणून बहुतेक घरांत उरलेली पट्टी फ्रिजवर पडते. तसं करू नका. जुलाबात शरीरातलं झिंक बाहेर जातं, ते भरून निघायला पूर्ण 14 दिवस हवेत. बालवाडीतल्या सर्दीचं म्हणाल तर वर्षाला सहा-आठ वेळा होणं या वयात नेहमीचं आहे. धाप लागत असेल, कान दुखत असेल, ताप तीन दिवसांच्या वर गेला, वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. नाहीतर नाक पुसत राहायचं.

खाण्यातून मात्र जरूर बघा. आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) पुरुषाला दिवसाला 17 आणि स्त्रीला 13 मिग्रॅ सांगितलंय, अमेरिकेपेक्षा बरंच जास्त. कारण आपलं जेवण धान्य-डाळींचं, आणि त्यातलं फायटेट नावाचं द्रव्य झिंकला अडवून धरतं. त्यावरचा उपाय आपल्या आज्या करतच होत्या: मटकीला मोड आणणं, आंबोळीचं पीठ आंबवणं. दोन्हींत फायटेट कमी होतं. तीळ, काजू, भोपळ्याच्या बिया, अंडी, मटण हे चांगले. कोकणात असाल तर कालवं, झिंकच्या बाबतीत त्यांच्या जवळपासही कुणी नाही. बाजरी खात असाल तर 2012 मध्ये महाराष्ट्रात आलेला ‘धनशक्ती’ वाण लोह आणि झिंक दोन्हींत सरस आहे, बियाण्याच्या दुकानात विचारा.

सासूबाईंचं हळदीचं दूध चालू द्या. गरम पोटात जातं, बरं वाटतं.

एक राहिलं. मिस्टरांना कधी टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिलं, आणि घरात झिंकची गोळी चालूच असली, तर दोन्ही एकत्र घेऊ देऊ नका. झिंक त्या अँटिबायोटिकला पोटातच पकडतं, ते रक्तात कमी उतरतं. तो कोर्स संपेपर्यंत झिंक बंदच ठेवलेलं सोपं.