मणी टाकले की टायर स्वतःच बॅलन्स होतो का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, माझी दहाचाकी गाडी आहे, सोलापूर-हैदराबाद लाइनला चालते आणि सीझनला ऊस पण ओढते. ५५-६० च्या पुढं गेली की स्टेअरिंग थरथरायला लागतं. ड्रायव्हर म्हणतो, मालक, गाडी नाचायली ओ. एकाने सांगितलं की टायरमधे काचेचे बारीक मणी टाका, टायर स्वतःचा स्वतः बॅलन्स होतो, परत मशीनवर लावायची गरजच नाही. खरंय का? टाकू का? – एक ट्रकमालक, अक्कलकोट रोड

उत्तर : मालक, आधी सरळ सांगतो, तुमच्या गाडीला टाकू नका. पण सांगणारा तुम्हाला फसवत होता असं मी म्हणणार नाही, कारण मणी स्वतःहून जागा शोधतात ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, फक्त त्याला एक अट आहे आणि ती अट विकणारा सांगत नाही.

आधी थरथर कुठून येते ते बघा. समजा टायरच्या नक्षीपाशी एका जागी १०० ग्रॅम रबर जास्त आहे. उभ्या गाडीला त्याचं काही वाटत नाही. ६० च्या स्पीडला मात्र तेच १०० ग्रॅम चाकाला साधारण ५ किलोच्या ताकदीने बाहेर ओढतात, तेही सेकंदाला पाच वेळा, कधी वर कधी खाली. ८० ला गेलात की तीच ओढ ९ किलोच्या घरात, कारण स्पीड दुप्पट झाला तर ओढ चौपट होते.

आता मणी. सगळ्यांना वाटतं की फिरताना मणी जड बाजूलाच जाऊन चिकटणार. फुगडी आठवा. एक मुलगी धिप्पाड, दुसरी किडकिडीत, दोघी हात धरून गरागरा फिरतात, तेव्हा धिप्पाड मुलगी जवळजवळ जागच्या जागी फिरते आणि बारकी लांबून मोठा घेर घेते. चाक जोरात आणि मोकळं फिरत असेल तर तेच होतं, जड बाजू आत येते, हलकी बाजू बाहेर जाते. आणि सुटे मणी नेहमी सगळ्यात लांबच्या जागेकडे पळतात, म्हणजे बरोबर हलक्या बाजूला. तिथं पुरेसे जमले की दोन्ही अंगं सारखी होतात, मग पळायला लांबची जागाच उरत नाही आणि ते आहेत तिथं बसून राहतात. मला हे दरवेळी सांगताना आनंद होतो, इतकं सुंदर आहे ते. फ्रेंच इंजिनिअर मॉरिस लेब्लांक यांनी शंभरेक वर्षांपूर्वी फिरणाऱ्या वस्तूला बसवलेल्या पोकळ कडीतल्या पातळ पदार्थाने हेच साधायचं सुचवलं होतं आणि आज तुमच्या घरात ते चालू असेल, कारण वरून कपडे टाकायच्या ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या टबला वरच्या काठाशी एक पोकळ कडी असते, तिच्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं. स्पिन सुरू होताना मशीन धडधडतं आणि मग एकदम शांत होतं ना, ते त्यामुळंच.

मग टबला जमतं ते ट्रकला का नाही? इथंच ती अट येते. प्रत्येक टांगलेल्या वस्तूचा स्वतःचा एक हिंदकळायचा वेग असतो. चाक त्या वेगाच्या पुढं फिरलं तरच फुगडीचा हिशोब लागू होतो, त्याच्या खाली असेल तर सगळं उलटं, जड बाजूच बाहेर राहते आणि मणी तिच्याच मदतीला जातात, म्हणजे थरथर वाढते. वॉशिंग मशीनचा टब चार मऊ दांड्यांवर लोंबकळत असतो, त्याचा स्वतःचा वेग अगदी कमी, स्पिनच्या सुरुवातीलाच तो ओलांडला जातो. तुमचा पुढचा अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि कडक हवा भरलेल्या टायरवर बसलाय, तो सेकंदाला दहाच्या आसपास वेळा उसळतो आणि ६० ला तुमचं चाक फिरतं सेकंदाला पाच फेरे. म्हणजे तुम्ही अट जेमतेम निम्मी पूर्ण करता. उसाची गाडी तर त्याहून हळू.

शिवाय एक डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. ओळखीच्या एकांच्या ट्रेलरचा टायर उघडला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आत मोहरीएवढे मणी, पाव किलो तरी असतील, पण सुटा एक नाही, एका जागी भिजलेल्या साखरेसारखी ढेप झालेली. हात लावला तर खालचं रबर ओलं. जिथं हवा भरायचे त्या दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी कुणी कित्येक महिने काढलंच नव्हतं, ते सगळं हवेबरोबर टायरमधे. बॅलन्स करायला टाकलेली वस्तूच जड बाजू होऊन बसली होती!

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा पुढचं चाक जॅकवर उचला आणि हाताने हलवून बघा, किंगपिन (ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं ती) किंवा बेअरिंगला प्ले म्हणजे ढिलेपणा आहे का. मग चाक फिरवून रिम वाकडी आहे का, टायर एका बाजूने खाल्लाय का ते बघा, आणि पुढं रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर असेल तर तो मागं घाला. हे सगळं नीट असेल तर मशीनवर बॅलन्स करून शिशाचं वजन ठोकून घ्या.

प्रश्न : आम्ही मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहोत. स्वतः बॅलन्स होणारा टायर कारखान्यातच बनवता येईल का, यावर प्रोजेक्ट घेतलाय. कुठून सुरुवात करावी? – चार विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : पोरांनो, विषय छान घेतलाय. सुरुवात टायर बनतो कसा इथून करा. ड्रमवर आतलं अस्तर, दोऱ्याचे थर, स्टीलचे पट्टे आणि वरची नक्षीची पट्टी असं एकेक गुंडाळतात आणि प्रत्येक थराचं टोक टोकावर चढतं तिथं सांधा येतो. तो सांधा म्हणजे जादा वजन. सगळे सांधे एकाच बाजूला आले तर टायर जन्मतःच लंगडा, म्हणून ते गोलभर वाटून ठेवतात. माझं मत विचाराल तर अर्धं बॅलन्सिंग इथंच होतं.

आता स्वतः बॅलन्स होण्यासाठी आत काय घालणार? मणी कारखान्यात घालून उपयोग नाही, टायर रिमवर चढवताना सांडतील. त्यापेक्षा जेल बघा. टोमॅटो सॉस बाटलीत गप बसतो आणि हलवला की वाहतो, तशा जातीचं. चाक थरथरलं की ते सरकतं, थरथर थांबली की तिथंच थिजतं. मण्यांपेक्षा याचा मोठा फायदा असा की गाडी थांबल्यावर जेल खाली ओघळत नाही, मणी मात्र दर थांब्याला तळाशी गोळा होतात आणि परत शून्यापासून सुरुवात.

अडचण बनवण्यात आहे. टायर शिजवायच्या साच्यात, म्हणजे मोल्डमधे, १५० अंशांच्या वर उष्णता असते आणि आतून ब्लॅडर म्हणजे रबरी फुगा फुगून दाबतो, त्यामुळं जेल आधी लावता येत नाही, टायर शिजल्यावरच लावावं लागतं. आणि ब्लॅडर चिकटू नये म्हणून आतून जो निसरडा लेप मारलेला असतो त्यावर नंतर काहीच धरत नाही, आधी तो घासून किंवा लेझरने काढायचा. आतून पंक्चर स्वतः बुजवणारे टायर बनवतात तिथंही हीच कसरत असते. मग जेल सगळीकडे सारख्या जाडीचं बसलं पाहिजे, नाहीतर तुम्हीच नवं असंतुलन तयार केलं. आणि मे महिन्यात आपल्या रस्त्यावर लोड गाडीचा टायर आतून सहज ७०-८० अंशांवर जातो, तेव्हा ते पाण्यासारखं पातळ होऊन चालणार नाही. हा गुण प्रोजेक्टमधे तपासला तर बाकी काही नाही केलं तरी चालेल, इतका तो महत्त्वाचा आहे.

टायर बनवायला जाऊ नका, परवडणार नाही. सायकलचं चाक मऊ स्प्रिंगवर टांगा, रिमला पारदर्शक नळीची कडी बांधा, आत थोडं तेल आणि सायकलचे छर्रे, एका जागी नट बांधून चाक जड करा आणि मोटरने हळूहळू वेग वाढवा. छर्रे आधी नटाच्या बाजूला जातील, मग एका वेगानंतर पळत समोरच्या बाजूला येतील. मोबाइलवर स्लो मोशन घ्या. आणि मग दोन कड्या लावून करा, चाकाच्या डाव्या अंगाला एक आणि उजव्या अंगाला एक, कारण एकच कडी वर-खालचं असंतुलन काढते, डावी-उजवीकडची डुगडुग काढत नाही.

प्रश्न : नवीन टायरवर पिवळा आणि लाल ठिपका असतो तो कशासाठी? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर : पिवळा ठिपका म्हणजे टायरची हलकी बाजू. तो वॉल्व्हच्या अगदी शेजारी, त्याच रेषेत आणतात, कारण वॉल्व्हपाशी चाक थोडं जड असतं, म्हणजे शिसं कमी लागतं. लाल ठिपका म्हणजे टायर सगळ्यात उंच किंवा कडक लागतो ती जागा, रिमवर खोलगट बाजूची खूण असेल तर तो तिथं जुळवतात. दोन्ही ठिपके असतील आणि रिमला खूण असेल तर लाल जुळवा. बसवणाऱ्याला टायर चढवायच्या आधीच सांगा, नंतर कुणी उतरवत नाही.

प्रश्न : पावसात शेतावर जाऊन आलो, दुसऱ्या दिवशी हायवेला कार ९० ला थरथरायला लागली. आदल्या दिवशी काहीच नव्हतं. – एक शेतकरी, मोहोळ

उत्तर : काळी माती. रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसली असणार. चाक काढा, पाण्याच्या प्रेशरने आतून धुवा, मग परत ९० ला चालवून बघा, त्याआधी बॅलन्सिंगला पैसे घालू नका.