क्लिनिकच्या कॉम्प्युटरची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) देताना

डॉक्टर, नवीन क्लिनिकबद्दल अभिनंदन! दर शेवटी विचारा, आधी बॅकअपचं बोला. ‘बॅकअप होतो’ एवढ्यावर मान डोलावू नका. एखाद्या पेशंटची जुनी आरव्हीजी (दातांचा डिजिटल एक्स-रे) इमेज तुमच्यासमोर परत काढून दाखवायला सांगा. (इथेच निम्मे एएमसीवाले गळतात.) बॅकअपची हार्ड डिस्क कायम त्याच पीसीला जोडलेली असेल, तर रॅन्समवेअर (डेटा लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) दोन्हीकडचा डेटा लॉक करू शकतं.

नवखे हमखास चुकतात ते असं:

- अ‍ॅडमिन पासवर्ड एकट्या इंजिनिअरकडे.
- रिसेप्शनच्या वाय-फायवरच पेशंटचे मोबाइल.
- विंडोज १० तसंच चालू. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पण बदलण्याआधी आरव्हीजी सेन्सरचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) नव्या विंडोजवर चालतो का, ते कंपनीला विचारा.

‘लगेच येतो’ म्हणजे किती तासांत, ते करारात लिहून घ्या. सर्व्हर वगैरे सध्या राहू द्या.